वरच्या आळीची पिवळी निशाणं

काजिहारा मुनेओ लोककल्याण सेवक झाला, तो मान खाली घालायला उशीर झाल्यामुळे. हातोउरा या जपानी बंदरगावातल्या वरच्या आळीची सभा भरली होती. आधीचा सेवक गुडघ्यांपायी काम सोडत होता. "कोणी तयार आहे का?" असं अध्यक्षांनी विचारलं, तेव्हा सगळ्यांनी एकदम जमिनीवरच्या चटईकडे पाहायला सुरुवात केली. मुनेओला हे जरा उशिरा सुचलं. त्याची नजर अध्यक्षांच्या नजरेला भिडली आणि टाळ्या पडल्या.

पगार नव्हता. गळ्यात अडकवायचं ओळखपत्र तेवढं मिळालं. बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यातून तो निवृत्त झाला होता, बायको वारली होती, मुलगी ओसाकाला असायची. थोडक्यात, त्याच्याकडे इतका रिकामा वेळ होता की तो लोकांच्या डोळ्यांत भरत असे.

आळीत एकटी राहणारी म्हातारी माणसं पुष्कळ. त्यांची दारं वाजवायची, तब्येत विचारायची, उन्हाळ्यात उष्माघाताची आणि हिवाळ्यात न्हाणीघरात घसरून पडण्याची पत्रकं द्यायची, एवढं काम. पत्रक कुणी वाचत नसे. ते सोया सॉसच्या बाटलीखाली जाई. पण पत्रक आणणाऱ्याला मात्र बसवून घेत. जवाचा गार चहा येई, खारवलेली काकडी येई आणि पाठोपाठ सुनेची तक्रार येई. सुरुवातीला मुनेओ वैतागला. मग सवय झाली. मग एक दिवस त्याच्या ध्यानात आलं, की आपण दिवसभरात जे काही बोलतो ते सगळं याच घरांतून बोलतो. स्वतःच्या घरी भाताचा कुकर होता. भात झाला की तो एक छोटीशी धून वाजवी. मुनेओ त्याला "हो, आलो" म्हणे. घरातला संवाद तिथेच संपे.

आळीच्या अगदी टोकाला, दगडी पायऱ्यांवर, इनुबुशी शिझु-सान राहत. ऐंशी ओलांडलेल्या. जन्मभर त्यांनी गावच्या शाळेत दुपारचं जेवण रांधलं आणि वाढलं. मुनेओच्या ताटात पहिलं सूप त्यांच्याच डावाने पडलं होतं. त्यामुळे तो आजोबा झाला तरी त्या त्याला 'मुने-चान' म्हणत. लहान पोराला म्हणतात तसं. आई, थोरल्या बहिणी, बायको, असं म्हणणारी बाकीची माणसं एकेक करून गेली होती.

"मुने-चान, चपला नीट लावून ठेव. कारखान्यात वाटेल तशा फेकायचास वाटतं?"

"इनुबुशी-सान, एसी लावत जा हो. पत्रकात लिहिलंय."

"त्या वाऱ्याने माझी हाडं ठणकतात. आणि तू रे? शाळेत गाजरं ताटाच्या कडेला काढायचास. मी कधी बोलले तुला?"

"बोलायचात की. सगळ्या वर्गासमोर."

"मग खाल्लीस का?"

"खाल्ली."

"बघ. मी सांगितलं म्हणून खाल्लीस. पत्रक वाचून नाही."

मुनेओ काकडी खाई. निघताना त्या दारापर्यंत येत आणि उद्या काय आणायचं ते सांगत: बल्ब, मीठ, क्वचित कुणाची तरी बातमी. रोज काहीतरी आणायचं राहिलेलं असे, म्हणून रोज जावं लागे. हे त्या मुद्दाम करत की त्यांची वस्तू खरंच रोज संपे, याची चौकशी त्याने कधी केली नाही.

मग पिवळी निशाणं आली.

नगरपालिकेच्या आरोग्य विभागातून ओतागुरो-सान आल्या. वयाने तरुण, आवाज गोड, हातात पडद्यावर चित्रं दाखवायचं यंत्र. एकाकी मृत्यू टाळण्यासाठीची ही नवी योजना असल्याचं त्यांनी सांगितलं. प्रत्येक घराला एक पिवळं निशाण. सकाळी उठलं की दाराबाहेर लावायचं, संध्याकाळी आत घ्यायचं. निशाण दिसलं की माणूस ठीक आहे. दिसलं नाही की सेवकाने दार वाजवायचं. दिसत असेल तर मात्र वाजवायचं नाही. त्याने माणसाच्या खाजगीपणाचा मान राहतो, शिवाय साथीच्या दिवसांत घरोघरी जंतू फिरत नाहीत.

निशाणावर गावाचा शुभंकर छापला होता. हातोउराची सुकी मासळी प्रसिद्ध, म्हणून टोपी घातलेला हसरा सुका मासा. माणूस जिवंत असल्याची खूण म्हणून मेलेला, वर वाळवलेला मासा निवडण्यात कुणालाही वावगं वाटलं नाही. मुनेओला वाटलं, पण सभेत मान वर ठेवल्याचे परिणाम तो एकदा भोगून बसला होता.

मागून एका म्हाताऱ्याने विचारलं, "निशाण बाहेर असेल आणि माणूस ठीक नसेल, तर?"

ओतागुरो-सान हसल्या. "ठीक नसलेला माणूस निशाण कसं लावेल, आजोबा?"

हे सर्वांना पटलं. म्हाताऱ्यालाही पटलं.

पहिल्या आठवड्यात आळीत दोन-तीन निशाणं रोज राहून जात. मुनेओ उत्साहाने ती दारं वाजवी. "अगबाई, विसरलेच!" म्हणत म्हाताऱ्या दार उघडत आणि चहा येई. मग निशाणं राहून जाणं बंद झालं. वरच्या आळीत रोज सगळ्याच्या सगळ्या घरांवर पिवळा मासा हसू लागला. आरोग्य विभागाच्या बैठकीत ओतागुरो-साननी आळीचं नाव घेतलं. शेजारच्या गावची माणसं पाहणीला आली, त्यांनी फोटो काढले. आळी इतकी ठीक कधीच नव्हती.

मुनेओचं काम आता त्याच्या छोट्या मालवाहू गाडीतूनच होई. चढावर गाडी हळू चालवायची, दोन्ही बाजूंची निशाणं पाहायची, वर जाऊन वळायचं. एखादी म्हातारी बाहेर येईल म्हणून तो गाडी फारच हळू चालवी. मागे सायकलवाले खोळंबत. कुणी बाहेर आलंच, तर गाडीतल्या मुनेओला वाकून नमस्कार करी, निशाणाकडे बोट दाखवी आणि त्याला त्रास पडू नये म्हणून लगेच आत जाई. शिझु-सानच्या पायऱ्यांपाशी तर गाडीतून निशाणाचं टोक तेवढं दिसे. ते असे.

एखाद्या दिवशी एखादं निशाण नसावं असं त्याला वाटू लागलं. सेवकाने अशी इच्छा धरणं बरं नव्हे, हे त्याला कळत होतं. म्हणून तो फार मोठं काही मागत नसे. कुणाचं डोकं दुखावं, कुणाला जाग उशिरा यावी, एवढंच.

ऑगस्टमध्ये उन्हाने कहर केला. डोंगरावरच्या खांबांवरचे भोंगे सकाळ-दुपार ओरडू लागले: "आज उष्माघाताचा धोका अतिशय जास्त आहे. घरात एसी लावा. पाणी प्या. शेजाऱ्यापाजाऱ्यांना हाक मारून चौकशी करा." एसी लावलेल्या घरांच्या खिडक्या बंद असत, त्यामुळे त्यांना हे ऐकू जात नसे. ज्यांच्याकडे एसी लावलेला नसे त्यांच्या खिडक्या उघड्या असत आणि त्यांना एसी लावा हे स्पष्ट ऐकू येई. समोरच्या डोंगरावरून तेच पुन्हा आदळून येई. शेजाऱ्यांना हाक मारा असं दोनदा सांगून भोंगा थांबला की आळीत झाडावरच्या किड्यांच्या किरकिरीशिवाय काही आवाज उरत नसे.

त्या दिवसांतल्या एका सकाळी मुनेओने शिझु-सानच्या पायऱ्यांखाली गाडी थांबवली. निशाणाचं टोक होतं. पण पायऱ्यांच्या कडेला त्यांच्या कुंड्या होत्या, आणि त्यांतल्या निळ्या फुलांच्या वेली माना टाकून बसल्या होत्या. शिझु-सान त्यांना उठल्या उठल्या पाणी घालत. एका वेलीकडे त्यांचं जरा जास्तच लक्ष असे. तिला त्या गणितात नापास होणाऱ्या मुलाशी बोलावं तसं बोलत.

इंजिन चालू ठेवून तो बसून राहिला. वर जाऊन दार वाजवायचं, तर कारण काय सांगायचं? निशाण आहे. नियमाप्रमाणे त्या ठीक आहेत. मग आपल्याला काय होतंय? काळजी वाटतेय, की चहा हवाय? त्याने मनाशी प्रामाणिकपणे शोध घेतला, आणि त्याला काही दोन्हींमधली सीमारेषा सापडेना. कुठल्याही बाजूने विचार केला तरी शेवटी चहाचा पेला दिसे. स्वतःच्या चहासाठी म्हाताऱ्या बाईची झोपमोड करायची आणि त्याला समाजसेवा म्हणायचं, हे त्याला पटलं नाही. तो निघून गेला.

दुसऱ्या सकाळीही तो थांबला. वेली आणखी सुकल्या होत्या. या वेळी त्याने ओतागुरो-सानना फोन लावला.

"निशाण आहे ना, काजिहारा-सान?"

"आहे."

"मग छानच की!"

"तरी एकदा दार वाजवून पाहू का, असं म्हणत होतो."

"काही विशेष कारण दिसतंय का तुम्हाला?"

"वेली सुकल्यात."

पलीकडून, शक्य तितक्या मऊ आवाजात: "आमच्या ऑफिससमोरच्यापण सुकल्यात हो. तुम्ही स्वतः पाणी पिताय ना? सेवकांनीपण तब्येत सांभाळायची बरं का."

तो "हो, हो" म्हणाला. गाडीत ठेवलेलं कोमट पाणी प्यायला. पायऱ्यांकडे एकदा पाहिलं आणि वळला.

तिसऱ्या सकाळी उकाड्याने त्याला लवकरच जाग आली. घरात बसवेना, म्हणून तो नेहमीच्या वेळेआधी चढाला लागला. आणि त्याला कुरामोची-सान दिसल्या.

कुरामोची तोमे-सान शिझु-सानच्या शेजारच्या. डोक्यावर उन्हाची मोठी टोपी, हातात पांढरे मोजे, आणि काखेत पिवळ्या निशाणांची मोळी. एकेका दाराशी थांबून, मोळीतलं एक निशाण काढून, त्या ते कडीत खोचत होत्या. मासा सरळ हसतोय ना ते पाहण्यासाठी एक पाऊल मागे येत होत्या. मग पुढचं दार.

मुनेओ गाडीतून उतरला. "कुरामोची-सान, हे काय?"

"अय्या, काजिहारा-सान! आज लवकर? थांबा, दोनच राहिलीत." त्या ओशाळल्या. मग अभिमानाने म्हणाल्या, "या आठवड्यात पाळी माझी आहे."

"कसली पाळी?"

"निशाणांची. कावळ्यांपासून कचरा झाकायच्या जाळीची असते ना, तशी. कुणी विसरतं, कुणाला पायरी उतरवत नाही. मग तुम्हाला उगीच चढून यावं लागायचं, चहा घ्या, बसा, तुमचा सगळा दिवस जायचा. आम्हाला फार वाईट वाटायचं हो. म्हणून आळीने ठरवलं, सगळ्यांची निशाणं ठेवायची एकीकडे, आणि पाळीवाल्याने सकाळी लावायची, संध्याकाळी काढायची. तेव्हापासून एक दिवस चुकला नाही! पाहणीला आलेले लोक काय म्हणाले, ऐकलंत ना?"

मुनेओने पायऱ्यांवरच्या सुकलेल्या वेलींकडे पाहिलं.

"शिझु-सानना तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत?"

"शिझु-सान? त्या ठीक आहेत की. काल दुपारी बाजारातून येताना त्यांचं निशाण पाहिलं ना मी."

"ते निशाण तुम्हीच लावलेलं होतं."

"हो, मीच," असं म्हणून कुरामोची-सान थांबल्या. तोंड तसंच अर्धवट उघडं राहिलं. "पण दिसलं तेव्हा बरं वाटलं हो," त्या हळूच म्हणाल्या.

तो पायऱ्या चढून गेला. तरुणपणीही तो त्या एवढ्या लवकर चढला नव्हता. दार वाजवलं, हाका मारल्या. मागच्या बाजूला स्वयंपाकघराचं दार होतं, त्याला कधी कुलूप नसे. आत भट्टीसारखी धग होती. शिझु-सान लाकडी जमिनीवर कुशीवर पडल्या होत्या, हात फ्रिजच्या दिशेने. ओठ पांढरे पडलेले. त्याने नाकाशी हात धरला. श्वास होता.

"कुरामोची-सान, रुग्णवाहिका बोलवा!" तो खालच्या दिशेने ओरडला. त्याच्या ओरडण्याने समोरच्या घरात कुणीतरी खिडकी उघडली.

त्याने फ्रिजमधलं होतं नव्हतं तेवढं गार बाहेर काढलं. बर्फाचे तुकडे पंचात गुंडाळून त्यांच्या मानेला, काखेत लावले. चहाच्या गार बाटल्या मांड्यांशी ठेवल्या. वर्तमानपत्राने वारा घालत राहिला. घरात चहा होता, अख्खी बाटली, त्याच्या हाताशी. आता तो प्यायची त्याला इच्छा नव्हती.

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे किलकिले केले.

"मुने-चान?"

"मीच आहे. बोलू नका. गाडी येतेय."

"गाडी," त्या पुटपुटल्या. जीभ जड झाली होती, शब्द एकेक करून येत होते. "तुझी गाडी यायची. खाली थांबायची. मी ऐकायचे. अंथरुणातून उठवत नव्हतं. म्हणायचे, आता येईल वर. मग तू जायचास."

तो वारा घालत राहिला.

"कालपण?" त्यांनी विचारलं.

"कालपण."

"का रे गेलास?"

"निशाण होतं." हे बोलतानाच त्याला त्यातला बावळटपणा ऐकू आला. "आणि मला वाटलं, मला नुसता चहा हवाय म्हणून यावंसं वाटतंय."

शिझु-सानच्या चेहऱ्यावर एक ओळखीची नाराजी आली. गाजरं कडेला काढणाऱ्या पोराकडे पाहताना येई तीच.

"मग काय झालं?" त्या म्हणाल्या. "यायचं की."

रुग्णवाहिकेतली माणसं आली. शिझु-सानना पायऱ्यांवरून अलगद खाली नेलं. आळीतली एकूण एक माणसं आपापल्या दाराशी उभी होती, गळ्यात पंचे, वाकून नमस्कार करत. प्रत्येक दारावर पिवळा मासा सरळ हसत होता. रुग्णवाहिकेच्या माणसाने विचारलं, "आपण घरातले?" मुनेओने ओळखपत्र दाखवलं. तो माणूस "बरं, बरं" म्हणाला आणि दार लावून घेतलं.

इस्पितळातही तेच. साथीमुळे फक्त नातेवाईकांनाच आत सोडत होते. खालच्या दालनात बसून त्याने भिंतीवरची हात धुण्याची आठही चित्रं पाठ केली. चिबा शहरातून शिझु-सानचा मुलगा आला. सभ्य माणूस, डोक्यावर विरळ केस. मुनेओपुढे तो इतक्या वेळा वाकला की मुनेओलाच दुखणं आल्यासारखं वाटलं. "आई वाचली ती तुमच्यामुळे," असं तो म्हणाला. मुनेओ "नाही, नाही" म्हणाला. ते दोघांनीही विनय म्हणून धरलं.

शिझु-सान बऱ्या झाल्या, पण पुन्हा पायऱ्या चढण्याइतक्या नाही. मुलगा त्यांना परस्पर चिबाला घेऊन गेला. मुनेओला ते नंतर कळलं. आळीच्या सूचनाफलकावर पाळीची नवी यादी लागली होती, आणि त्यात एक घर कमी होतं.

आरोग्य विभागाने घटनेची गंभीर दखल घेतली. ओतागुरो-सान स्वतः आल्या. रडून डोळे सुजलेले होते, हे मुनेओला दिसलं, आणि त्यांच्यावर राग धरणं त्याला जमेना. नवी सूचना निघाली: निशाण प्रत्येकाने स्वतःच लावावं. स्वतःच लावलं आहे याची खात्री पाळीवाल्याने करावी. दुसऱ्या दिवसापासून कुरामोची-सान मोजे घालून दारोदार जाऊन निशाणांची खात्री करू लागल्या. निशाणांची, माणसांची नव्हे. माणसांना त्रास द्यायचा नव्हता.

सप्टेंबर लागला, तरी उकाडा हटेना. मुनेओने एकदा चिबाला फोन लावला. मुलाने फोन आईच्या कानाशी धरला.

"कोण?"

"काजिहारा बोलतोय! हातोउराहून!"

"कोण काजिहारा?"

"वरच्या आळीचा! बर्फाच्या कारखान्यातला! सेवक!"

"ऐकू येत नाही हो. कोण?"

मुनेओने स्वतःच्या रिकाम्या स्वयंपाकघरात इकडेतिकडे पाहिलं. मग छातीत हवा भरून तो ओरडला, "मुने-चान! मुने-चान बोलतोय!"

"हां, मुने-चान!" पलीकडे आवाज एकदम जवळ आला. "जेवलास का?"

"जेवलो!"

"काय जेवलास?"

त्याला सांगायला काही सुचायच्या आत मुलाने फोन घेतला. आई थकते हो, असं म्हणाला, पुन्हा एकदा आभार मानले आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुनेओने चढाच्या तळाशीच गाडी ठेवली आणि पायी वर गेला. कुरामोची-सानच्या दारावर निशाण होतं. त्याने दार वाजवलं.

आतून घाईची पावलं आली. दार वीतभर सरकलं. फटीतला चेहरा पांढराफटक पडला होता.

"कोण गेलं?"

"कोणी नाही."

"मग?"

"असंच."

"असंच म्हणजे?" त्यांनी निशाणाकडे पाहिलं. "माझं तर बाहेर आहे. मीच लावलंय हो, माझ्या हाताने."

"दिसलं."

"मग काय झालंय?"

"काही झालं नाही, कुरामोची-सान. आपलं विचारायला आलो."

त्यांनी त्याच्या खांद्यावरून आळीत नजर टाकली. कुणी पाहत नव्हतं. सगळी निशाणं जागेवर होती.

"घरात फार पसारा आहे हो," त्या म्हणाल्या.

"मी इथेच उभा राहतो."

दार तसंच वीतभर उघडं ठेवून त्या आत गेल्या. तो उन्हात उभा राहिला. आत पातेल्यावर काहीतरी आपटलं, नळ वाहिला, बंद झाला. त्याला वाटलं, आता त्या येणार नाहीत. वाटलं, आपण निघून जावं म्हणजे त्यांची अडचण सुटेल. एवढ्यात त्या आल्या आणि फटीतून एक पेला बाहेर आला. जवाचा चहा. बर्फ घातलेला नव्हता.

त्याने वाकून पेला घेतला. पेला परत घ्यायचा म्हणून कुरामोची-सानना दाराशी थांबणं भाग होतं.

"आज जरा वारं आहे," त्या म्हणाल्या.

"आहे," तो म्हणाला, आणि शक्य तेवढा सावकाश चहा पिऊ लागला.